खाली सोडलेली जागा

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. दुपारी ऑफिसात मी सहज त्यांचे जुने मेल बघायला गेले, तर एकही दिसेना. “बाबांचे मेल पुसले गेले!” मी मोठ्यानेच म्हणाले. शेजारच्या टेबलावरची शुभदा खुर्ची सरकवत आली. “अगं, पुसले नाहीत गं. जुने झाले म्हणून आपोआप अर्काइव्हमध्ये गेलेत. तिथे नाव टाकून शोध आणि ओढून इनबॉक्समध्ये टाक.”

नाव टाकलं आणि बाबांचे मेल रांगेने समोर आले. सगळा मजकूर ते विषयाच्या चौकटीतच लिहायचे. ‘आंबे पाठवलेत, अजून कच्चे आहेत, घाई करू नकोस.’ खालचं पान कोरं. मी चिडवलं की म्हणायचे, “खालची जागा तुझ्या उत्तराला सोडलीय.” आयुष्य कचेरीत गेलेलं, शेरा लिहायला जागा न ठेवता कागद पुढे सरकवणं त्यांना जमायचंच नाही. मी हसायचे आणि फोनवरच उत्तर द्यायचे.

आंब्यांचा मेल ओढून इनबॉक्समध्ये टाकला. यादीत सगळ्यात वर पाहिलं, तर नाही.

“वर कसा येईल?” शुभदा म्हणाली. “तो त्याच्या तारखेलाच जाऊन बसणार.”

खरंच, तो खूप खाली सापडला. परत आणलेलंही आजमध्ये येत नाही, आपल्यालाच त्याच्यापर्यंत उतरावं लागतं. मेल उघडला. ते पांढरं पान अजून तसंच मोकळं होतं. आता फोन करायची सोय नव्हती. मी उत्तराचं बटण दाबलं आणि पहिल्यांदाच त्या जागेत लिहिलं, ‘आंबे पिकले, बाबा.’