मार्तंडाची हद्द

आमच्या नागावचा मार्तंड शिष्यवृत्तीवर विलायतेला जाऊन देशोदेशींच्या सरहद्दीचे तंटे अभ्यासून आला. गावाने त्याला राजदूतच करून टाकलं होतं. नोकरी मिळाली ती अलिबागच्या शाळेत.

शेजारच्या अनुसूयाकाकूंचा माड त्याच्या वाडीत झुकलेला. पडलेला नारळ कुंपणापलीकडे टाकायची आमची रीत, हा म्हणे, "माझ्या हद्दीत पडला तो माझा!"

गणपतीत त्याने 'शेजारी राष्ट्रांशी सलोखा' यावर भाषण ठोकलं. टाळ्या थांबल्यावर काकू म्हणाल्या, "छान बोललास हो. मग माझे नारळ कधी पाठवतोस?"

मंडप हसला, मी अंमळ जास्तच. मार्तंडाचे कान लाल झाले. सत्काराचा नारळ काकूंच्या पायाशी ठेवून तो खालमानेने निघाला.

पुन्हा कधी भाषणाला उभा राहिला नाही. पण त्याच्या वाडीत नारळ पडला, की पाठोपाठ काकूंच्या वाडीतही धप्प ऐकू यायचं.