गाइडच्या गावी मुक्काम

सर बैठकीला आले की आधी टेबलाखाली चपला काढायचे आणि डोळे मिटून बसायचे. नवख्याला वाटायचं, म्हातारा झोपला. पण एखादं कलम पटलं नाही की त्यांचा पाय टेबलाखाली चपला चाचपडायला लागायचा. फरशीवर चप्पल घासल्याचा आवाज आला की आम्ही समजायचो, आता काही खरं नाही. दोन्ही चपला पायात गेल्या की सर डोळे उघडायचे आणि एवढंच विचारायचे, "कुणाची सोय?"

तुम्ही कधी कुठल्या समितीवर बसला असाल तर तुम्हाला माहीत असेल, की हा प्रश्न तिथं विचारायचा नसतो. समिती बहुतेक वेळा कुणाच्या तरी सोयीसाठीच असते. ती कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि म्हणूनच सगळे चहाकडे बघत बसतात.

आमची समिती पीएचडीचे नियम सुधारायला नेमलेली होती. सत्तरच्या दशकातली गोष्ट. विद्यापीठ आमच्यापासून लांब होतं आणि आपल्याला कुणी विचारत नाही अशी सोलापूरकरांची कायमची तक्रार होती. ती मिटवायला विद्यापीठानं हे काम आमच्या गळ्यात घातलं. गाइड कुणाला होता येईल, उमेदवारानं कुठं राहायचं आणि शेवटची तोंडी परीक्षा कशी घ्यायची, एवढंच ठरवायचं होतं. ग्रंथालयामागच्या खोलीत बैठका व्हायच्या. तिथला पंखा फिरायचा, पण वारा द्यायचं त्याच्या मनात नसायचं. मी सगळ्यांत धाकटा आणि अक्षर बरं, म्हणून सचिव. सरांनी मला त्यानंतर नावानं कधी हाक मारली नाही. रस्त्यात भेटले तरी म्हणायचे, "काय सचिव, भाजी घेतली का?"

सर आमच्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. त्यांना स्वतःला पीएचडी नव्हती. जुना नियम असा होता, की पुष्कळ वर्षं शिकवलं की माणूस आपोआप गाइड होतो. सर तसे गाइड झाले होते, आणि नाव घेण्यासारखे झाले होते. त्यांच्या घरी सारखी दोन-तीन पोरं प्रबंधाची बाडं घेऊन बसलेली असायची. वहिनी त्यांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्यायच्या. सर त्यांना शिव्या द्यायचे. दोन्ही खाऊन पोरं परत यायची.

त्याच नियमानं आमचे एक प्राचार्यही गाइड झाले होते आणि ते समितीवरही होते. त्यांच्याकडे उमेदवारांचा कळपच होता. कुणी कुठं राहतो, काय करतो, त्यांना पत्ता नसायचा. प्रबंध पोस्टानं यायचे, पोस्टानं जायचे. त्यांचा एक उमेदवार तोंडी परीक्षेला आला आणि गाइड समजून बाहेरगावच्या परीक्षकाच्याच पाया पडला. परीक्षकांनी आशीर्वाद दिला आणि मग विचारलं, "आपण कोण?"

एका बैठकीत सर या प्राचार्यांकडचा एक मंजूर झालेला प्रबंध घेऊन आले. सोलापूर जिल्ह्याच्या शेतीवरचा. सरांनी उभं राहून मोठ्यानं वाचलं, "जिल्ह्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र असून हवा दमट आहे."

बाहेर एप्रिलचं ऊन होतं आणि आम्ही सगळे घशाला कोरड पडून माठाकडे बघत होतो.

"टंकलेखनाची चूक दिसते," प्राचार्य म्हणाले.

"एवढा मोठा समुद्र टायपिस्टनं आणून घातला?" सर म्हणाले. "मी अक्कलकोट रोडला रोज सायकलवर जातो. अजून पाय ओले झाले नाहीत माझे."

रत्नागिरी जिल्ह्यावरच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण जसंच्या तसं उचललं होतं, फक्त जिल्ह्याचं नाव बदललं होतं. समुद्र काढायचा राहिला होता.

सरांनी तिथल्या तिथं नवा नियम मांडला. ज्याला स्वतःला पीएचडी नाही, त्याला गाइड होता येणार नाही. मी लिहिता लिहिता थांबलो. "सर, यात तुम्हीपण जाताय की."

"जातो की. पण ते आधी जातात," सर प्राचार्यांकडे बोट दाखवून म्हणाले. "सचिव, लिहा."

दुसरा नियमही त्यांचाच. उमेदवारानं चार सत्रं गाइडच्या गावी राहायचं आणि तसं गाइडनं सही करून द्यायचं. पोस्टातली पीएचडी बंद. तिसरा नियम तोंडी परीक्षेचा. ती उघड्या दारानं घ्यायची, ज्याला ऐकायचंय त्यानं येऊन ऐकावं, आणि उमेदवार जातीनं हजर पाहिजे. मी भीत भीत विचारलं, प्रबंध दिल्यावर आणि परीक्षेआधी उमेदवार वारला तर काय करायचं? तशी काही सवलत ठेवायची का?

"वारला तर सुटला बिचारा," सर म्हणाले. "पदवी कुणाला द्यायची, बायकोला? कुणाची सोय?"

सगळे हसले. मीही हसलो आणि कच्च्या मसुद्यातलं ते कलम खोडलं.

नियम मंजूर झाले आणि ते राबवायला समिती तशीच राहिली. प्राचार्यांची गाइडकी गेली, सरांचीही गेली. प्राचार्यांचं काही बिघडलं नाही. ते आणखी तीन समित्यांवर गेले. सरांचं मात्र घर सुनं झालं. पोरं दुसऱ्या गाइडकडे वाटली गेली. संध्याकाळी सर ओसरीवर एकटेच वर्तमानपत्राशी भांडत बसलेले दिसायचे. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, यांना कुणीतरी शिव्या द्यायला आणून द्या हो. सगळ्या माझ्यावर यायला लागल्यात."

निवृत्तीला अजून काही वर्षं होती. एक दिवस सरांनी जाहीर केलं, "मी पीएचडी करतोय. परत गाइड होणार. माझी पोरं मला परत पाहिजेत." विषय ठरलेलाच होता, टॉवेलचे यंत्रमाग आणि त्यावरची माणसं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सगळे त्यांना ओळखत होते. अडचण एकच होती. नव्या नियमात बसणारा आणि जागा शिल्लक असणारा गाइड त्यांच्या विषयात आमच्या भागात एकच उरला होता. ती अकलूजला प्राध्यापक होती आणि सरांची पहिली विद्यार्थिनी होती.

बाई मूळची नातेपुत्याची. घरात मेंढरं. सरांनी तिच्याकडून एकेक प्रकरण इतक्यांदा लिहून घेतलं होतं, की ती एकदा रागानं बाड तिथंच टाकून एस्टीनं गावाला निघून गेली होती. सरच तिला परत घेऊन आले होते. आता सर तिचे उमेदवार झाले.

पहिल्या दिवशी मी सोबत गेलो होतो. सर खोलीत शिरले, बाई उभी राहिली. बाई गाइड, म्हणून सर बसेनात. सर उभे, म्हणून बाई बसेना. शिपाई चहा ठेवून गेला, चहा गार झाला. शेवटी मीच बसलो, तेव्हा दोघं बसले.

आता या माणसाला थोर समजू नका. मुक्कामाचा नियम स्वतः केलेला, आणि तो बुडवायचा उद्योगही सरांनी पहिल्याच सत्रात केला. अभ्यासरजा घेतली, अकलूजला खोली भाड्यानं घेतली, तिथं एक चादर आणि पाण्याचा तांब्या ठेवला, कुलूप लावलं आणि सोलापूरला घरी येऊन राहिले. "माझे माग सोलापुरात, माणसं सोलापुरात, मी तिथं उसाकडे बघत काय करू?" असं त्यांचं म्हणणं. म्हणणं बरोबर होतं. फक्त ते नियम करताना म्हणायला पाहिजे होतं.

सत्र संपलं आणि सर सही मागायला गेले. तेव्हाही मी बरोबर होतो, कारण असल्या कामाला त्यांना सचिव लागायचा. बाई चिडली की तिची नातेपुत्याची बोली बाहेर यायची.

"सर, तुमच्या खोलीवर मी कितींदा येऊन गेले, म्हायत हाय का?"

"का गं? म्हणजे, का मॅडम?"

"कुलूप व्हतं. दर बारीला कुलूपच. घरमालकीण म्हणली, तांब्यात पाल पडलीया. सही व्हायची न्हाय."

"अगं, मी तुझा गाइड होतो."

"व्हता. म्हणूनच व्हायची न्हाय. ते सत्र गेलं. पुन्यांदा राहा."

परतीच्या एस्टीत सर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, दुखावले. टेंभुर्णी आल्यावर त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "बघितलं का सचिव? काय तयार केलीय मी पोरगी." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते.

मग मात्र सर खरंच राहिले. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मळीचा वास सगळ्या गावावर बसायचा. सर म्हणायचे, माझ्या प्रबंधालासुद्धा मुंग्या लागणार. बाईनं त्यांची प्रकरणं परत पाठवली, आणि ती त्यांनी कुरकुरत पुन्हा लिहिली. सुट्ट्यांत सोलापूरला येऊन ते मागावर जाऊन बसायचे. तिथल्या लोकांना सांगायचे, "माझी परीक्षा आहे, दार उघडं असणार, सगळ्यांनी यायचं." तिथला एक जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, तेलुगूत काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले. सरांनी मला अर्थ सांगितला, "म्हणतोय, नापास झाला तर मागावर घेऊ."

चार सत्रं झाली. प्रबंध गेला. परीक्षेची तारीख आली. सरांनी दोन पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं, की निकाल लागला की माझ्याकडे या, दुसरीकडे नाव घालू नका. आणि परीक्षा आठवड्यावर आली असताना एका दुपारी ते जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

मला आधी रडू आलं नाही, राग आला. एक आठवडा थांबायला काय झालं होतं या माणसाला?

महिन्याभरानं समितीची बैठक झाली. प्राचार्य अजून समितीवर होतेच. त्यांनीच गंभीर चेहऱ्यानं ठराव मांडला. सरांच्या बाबतीत तोंडी परीक्षेची अट माफ करावी आणि पदवी मरणोत्तर द्यावी. सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा हलवली. मला ते मनापासून हवं होतं. सरांची गाइड म्हणून बाईला बोलावलेलं होतं. ती सरांच्या खुर्चीशेजारी बसली होती आणि सरांची खुर्ची कुणी घेतली नव्हती.

"बाई, तुमची संमती धरतो," प्राचार्य म्हणाले.

"कुणाची सोय?" बाई म्हणाली.

प्राचार्यांनी हातातला कागद खाली ठेवला.

"सरांना पदवी कशाला पायजे व्हती? परत पोरं घ्यायला. ती पोरं देताय का त्यांना?" तिचा आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. "फुकट घ्यायची असती तर मी त्या कुलपावर सही दिलीच असती. दिली न्हाय मी. माझ्या सरांना मी त्या मळीच्या वासात ठिवलं. राह्यले ते. आता तुमी म्हणताय, नियमाचं काय एवढं, देऊन टाकू."

प्राचार्यांनी ठराव मागे घेतला. सरांना पदवी मिळाली नाही.

पुढचं कलम त्यांनी वाचायला घेतलं. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांच्या मुक्कामाची व्यवस्था, असं काहीतरी गुळगुळीत होतं. माना हलायला लागल्या. तेवढ्यात टेबलाखाली फरशीवर चप्पल घासल्याचा आवाज आला. प्राचार्य वाचता वाचता थांबले. सगळ्यांनी सरांच्या खुर्चीकडे बघितलं, मीही बघितलं.

मग माझ्या लक्षात आलं, तो पाय माझा होता.