मंगळवारचा पाव

"पहले सांस लेओ. बाद में सेंट अँथनी को बोलो."

तारनाक्याच्या आमच्या इमारतीत किल्ली, चष्मा, काहीही हरवलं की माणसं समोरच्या आंटींचं दार वाजवायची. आंटी आधी हेच म्हणायच्या. तुमच्याही इमारतीत असं एक दार असेल.

आंटी रेल्वेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. घरी तेलुगू, धर्माने कॅथलिक. त्यांच्या हॉलमध्ये हरवलेलं शोधून देणाऱ्या या संत अँथनीची हातभर मूर्ती होती: तपकिरी झगा, कडेवर बाळ येशू. वस्तू सापडली की मंगळवारी पाव आणून द्यायचा, आंटी तो चर्चबाहेरच्या गरिबांना वाटणार, एवढाच नियम.

माझी अडचण अशी, की मंगळवार माझ्या गणपतीचा. त्यात मी जन्मजात अपराधी माणूस. लिफ्ट बंद पडली तरी वाटतं, आपणच बटण जोरात दाबलं असणार. म्हणून अँथनीपुढे हात जोडण्याआधी मी मनातल्या मनात गणपतीची परवानगी घ्यायचो.

आंटी हसायच्या. "दो-दो साहब लोगां को एकीच फाइल भेज रे तुम."

संताबद्दल त्या सख्ख्या भावाबद्दल बोलावं तसं बोलायच्या. श्रीमंताघरचा मुलगा, सगळं सोडून मठात भांडी घासत राहिला. आपल्याला इतकं सुंदर बोलता येतं, हे कुणाला कळूही दिलं नाही. पुढे एका गावात लोक ऐकेनात, तर पाण्याकाठी जाऊन माशांशी बोलला. "मछलियां सर उठा को सुने." इमारतीच्या बैठकीत मी पाण्याच्या टाकीवर लांबण लावली की त्या हळूच म्हणायच्या, "मछलियां को बोलो, बाबू."

माझ्या आईला विसर पडू लागला, तेव्हा दुपारची ती आंटींकडे बसायची. आई मराठीत बोलायची, आंटी तेलुगूत.

"आपको समझता क्या?" मी एकदा विचारलं.

"नै समझता. सुनती मैं."

एका मंगळवारी आई घरात नव्हती. मी गल्ल्या पालथ्या घातल्या, पोलिसांना फोन केला आणि शेवटी अँथनीपुढे येऊन उभा राहिलो. पाव कबूल केला. लगेच वाटलं, गणपतीला काय वाटेल? मोदक कबूल केले. मग मोदक जरा जास्तच झालेसे वाटले, म्हणून पाव वाढवले. ही वाटाघाट चालू असताना आंटी चपला घालून दारात उभ्या होत्या.

"बाबू, वो सुन लिया. अब चलो. अम्मा रोज 'गाडी, गाडी' बोलती ना?"

बोलायची. 'माझी गाडी चुकेल' हे आईचं रोजचं पालुपद. मी "नाही चुकत गं" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवायचो.

विद्यानगर स्टेशनच्या बाकावर आई मांडीवर पिशवी घेऊन नांदेडच्या गाडीची वाट पाहत होती. आंटींना पाहून ती सरकली. "बसा बाई. उशीर आहे गाडीला."

"हौ," म्हणून आंटी शेजारी बसल्या. मी उभ्या उभ्या रडत होतो, आणि तेव्हाही डोक्यात हाच घोळ, की आईला नेमकं शोधून दिलं कुणी?

आंटींनी ओळखलं. "दोनों को देओ, बाबू. भूका आदमी पूछता नै, किसके नाम का है."

गेल्या हिवाळ्यात आंटी वारल्या. त्यांची मुलगी मूर्ती मला देऊन गेली. आता अँथनी आमच्या गणपतीशेजारी असतो आणि आधी कुणाला हात जोडावे, यावर माझी रोजची सकाळ खर्ची पडते.

आईला कितीदा सांगितलं, तरी ती समोरच्या कुलूपबंद दारापाशी जाऊन उभी राहते. परवा मंगळवारी मी पाव घेऊन जिना चढून आलो, तर तिथेच होती. तिने पिशवी चाचपली.

"बाई सापडल्या का रे?"

'त्या गेल्या, आई' हे शब्द पुन्हा तोंडाशी आले. मी आधी श्वास घेतला.

"शेवटच्या कुठे दिसल्या होत्या तुला?"

आई सांगू लागली. स्टेशन, बाक, उशिरा येणारी गाडी. मी पायरीवर बसलो आणि मान वर करून ऐकत राहिलो.