ह्युबर्टने ठेवलेली नावं

उत्तनच्या ह्युबर्टला मराठी येत होती, हिंदी येत होती, इंग्रजी कामापुरती आणि ग्रीक फक्त शिव्यांपुरती. पण ‘माहीत नाही’ हे दोन शब्द त्याला कुठल्याच भाषेत येत नव्हते. एकतीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये फिटर म्हणून काढून तो पातान बंदराजवळच्या आपल्या घरी परतला, ओट्यावर खुर्ची टाकली आणि जगाला माहिती पुरवायला लागला. एकदा कुरियरवाल्याने कुणाचा तरी बंगला विचारला. ह्युबर्टने त्या माणसाचं नावही कधी ऐकलं नव्हतं. तरी त्याने तीन वळणं, एक क्रूस आणि एक चिंचेचं झाड सांगून त्याला शेजारच्या डोंगरी गावात पिटाळलं. तासाभराने तो घामाघूम होऊन परत आला, तेव्हा ह्युबर्टने अगदी काळजीने विचारलं, “काय रे, सापडलं ना?”

समोरच्या दारात राहायची कतरीनबाय, त्याची चुलत बहीण. वय शहात्तर. नऊ वर्षांची असल्यापासून ओहोटीला दगडांवर बसून कालवं फोडलेली बाई. या दोघांत सहा वर्षं बोलणं नव्हतं. कारण घडलं ते ह्युबर्टच्या रिटायरमेंटच्या जेवणात. सगळं गाव पंगतीत, ताटात तळलेले गोल पाव, म्हणजे गरम फुगे, ह्युबर्ट उभा राहून दर्याच्या गोष्टी सांगतोय, आणि कतरीनबाय मोठ्याने म्हणाली, “ह्युबर एकतीस वरसं दर्यात व्हता खरा, पन दर्या बघितला न्हाय त्यानं. जहाजाच्या पोटात बसून कुनाला दर्याचं तोंड दिसतं का?”

लोक इतके हसले की एकाच्या घशात फुगा अडकला. ह्युबर्टने त्या दिवसापासून समोरच्या दाराकडे बघणं सोडलं. दार समोरच असल्यामुळे त्याला खुर्ची तिरकी ठेवावी लागे.

त्या तिरक्या खुर्चीपाशी एके सकाळी संघप्रिया येऊन उभी राहिली. गुडघ्यापर्यंत गमबूट, पाठीवर बॅग, हातात प्लास्टिकच्या पाइपची एक चौकोनी चौकट. ही भाईंदर पूर्वेच्या गोडदेवची मुलगी, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. शहराच्या जैवविविधता नोंदवहीसाठी उत्तनच्या किनाऱ्यावरचे प्राणी नोंदवायचं काम तिच्याकडे आलं होतं.

“अंकल, कतरीन मावशींचं घर कुठलं? बाजारात म्हणाले, किनाऱ्यावरच्या प्राण्यांची जुनी नावं त्यांनाच माहितीयत.”

ह्युबर्टने खुर्ची आणखी थोडी तिरकी केली. “ती? तिला ऐकूच येत न्हाय आता. बिचारी. तुला नावं पायजेत ना? मी हाय ना!”

आतल्या खोलीत त्याची बायको जुडिथ भाजी निवडत होती. ती डोंगरीची, शेतकऱ्याची मुलगी. समुद्रातलं तिला जे ठाऊक ते कढईत पडल्यावरचं. पण नवरा तिला पुरता ठाऊक होता. तिने कपाळाला हात लावला आणि गवार निवडत राहिली.

कामाची रीत सोपी होती. ओहोटी लागली की खडकावर चौकट ठेवायची आणि तिच्या आत जे जे जिवंत दिसेल ते मोजायचं. मग फोटो, शास्त्रीय नाव, आणि शेवटच्या रकान्यात गावात त्याला काय म्हणतात ते. पहिले दोन दिवस ह्युबर्टचं झकास चाललं. चिंबोरी, कालवं, खुबे, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या. जे खातात ते त्याला सगळं येत होतं. तिसऱ्या दिवशी एका डबक्यात एक शंख तुरुतुरु चालताना दिसला. आत खेकडा होता.

“हा दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहतो,” संघप्रिया म्हणाली. “ह्याला काय म्हणता तुम्ही?”

ह्युबर्टच्या आईला ते नाव नक्की माहीत असणार. ह्युबर्टच्या डोक्यात मात्र तेलाचा पंप आणि पिस्टनच्या रिंगा सोडून काही येईना. पेन कागदावर टेकलेलं. ती पोरगी विश्वासाने बघतेय. आणि मागून कुठून तरी कतरीनबायचं ते वाक्य.

“घरजावई,” तो म्हणाला.

“वा! किती चपखल!” संघप्रियाने लिहून घेतलं.

ते ‘वा’ ह्युबर्टला सुपारीसारखं चढलं. पुढच्या भरतीआधी त्याने आणखी दोन नावं देऊन टाकली. खडकाला सिमेंटने बसवल्यासारखे चिकटलेले, पांढऱ्या टोपीचे बारके जीव, फोडल्याशिवाय न हलणारे: ‘भाडेकरू’. चिखलातला तो एक लहान खेकडा, ज्याचा एकच पंजा भला मोठा असतो आणि तो दिवसभर हलवत असतो, पण जवळ गेलं की बिळात गडप होतो: ‘उमेदवार’. संघप्रिया हसली, पण लिहिलं. लोकांची नावं अशीच असतात, मिश्कील, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

एकदा तिने एवढं विचारलं, “अंकल, हे ‘उमेदवार’ जुनं आहे? निवडणुकीच्या आधीचं?”

“पोर्तुगीजांच्या टायमाचं,” ह्युबर्टने डोळ्याचं पातंही न हलवता सांगितलं.

मग एका खोल कपारीत पाण्याखाली फुललेलं समुद्रफूल दिसलं. फूल नव्हे, प्राणीच. दुरून झेंडूसारखं सुरेख. ह्युबर्टने बोट लावलं तर चटकन बोट धरलं, आणि ओढलं तर तोंडावर पिचकारी मारून मिटून गेलं. ह्युबर्टने चेहरा पुसला. नाव त्याला शोधावंच लागलं नाही.

“कतरीन,” तो म्हणाला. संघप्रियाला वाटलं, मावशींचं नाव ह्यावरूनच ठेवलं असेल.

चार महिन्यांत त्याने अशी तेवीस नावं ठेवली. घरी येऊन जुडिथला म्हणाला, “ते पुस्तक म्युनिसिपालटीच्या कपाटात जानार. वाळवीशिवाय कुनी वाचनार न्हाय.”

“वाळवीचं नाव काय लिवलंस?” जुडिथने विचारलं.

पण पुस्तक कपाटात जायच्या आधी लोकांपुढे वाचायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या हॉलमध्ये सभा ठेवली. ह्युबर्ट इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. समोर पडदा लागला, प्रोजेक्टर सुरू झाला, आणि मधल्या दारातून लाल लुगड्यातली कतरीनबाय काठी टेकत आत आली, तेव्हा त्याची नजर मागच्या दाराकडे गेली. तो उठायला लागला. जुडिथने शर्ट मागून धरून त्याला खाली बसवलं. “आता बस. ऐक तुझी हुशारी.”

“कुणाची हरकत असेल, दुरुस्ती असेल तर मध्येच सांगा,” संघप्रिया म्हणाली आणि वाचायला लागली. चिंबोरी, खुबे, निवटी. लोक माना डोलवत होते. मग घरजावई आला. “दुसऱ्याच्या घरात राहतो. मोठं घर मिळालं की पहिलं सोडून देतो.”

गावात सासुरवाडीला राहणारा जावई एकच होता, वांद्र्याहून आलेला ॲशली. सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. सगळ्यांत जोरात हसली ती त्याची सासू. ॲशली कानापर्यंत लाल होऊन उभाच राहिला. भाडेकरूवर घरमालकांनी टाळ्या वाजवल्या. उमेदवारावर शिट्ट्या पडल्या. ह्युबर्टला वाटलं, निभावलं बहुतेक.

पुढच्या फोटोत समुद्रफूल होतं. संघप्रियाने स्वच्छ आवाजात वाचलं, “स्थानिक नाव, कतरीन. दुरून फुलासारखी दिसते. जवळ गेल्यास बोट धरते. चिडल्यास तोंडावर पाणी उडवते.”



कतरीनबाय उठली. काठीने पडद्याकडे बोट केल्यासारखं करून म्हणाली, “पोरी, ही डोलमिटी हाय. डोला मिटते म्हनून डोलमिटी. माझ्या आजीपासून हेच नाव. मघाचा तो जावयाचा फोटो दाखव. हां, हा बिऱ्हाडी. बिऱ्हाड पाठीवर घेतो तो. जावई बिवई न्हाय, ॲशली, खाली बस तू. आता त्याच्या पुढचा. हे दातरे. पाय कापतात, दातासारके.”

संघप्रिया भराभर लिहीत होती. मग तिचं पेन थांबलं. “मावशी, तुम्हाला ऐकू येतं?”

“मला? समोरचा घोरतो तेबी ऐकू येतं,” कतरीनबाय म्हणाली. उमेदवाराचा फोटो परत आला, तेव्हा मात्र ती थोडा वेळ बघत राहिली. “ह्याचं नाव आमच्याकडं वेगलं हाय. पन हेच ठेव. बरोबर हाय.”

सभा हसण्यात संपली. ह्युबर्ट मागच्या दाराने गेला.

दुसऱ्या दिवशी संघप्रिया घरी आली. कुणी शिव्या घातल्या की ह्युबर्टला तरतरी यायची. उलट चार शिव्या द्यायला मिळायच्या. ही पोरगी शिव्याच देईना. वही उघडून बसली.

“अंकल, तुम्ही दिलेल्या नावांतली खरी किती?”

“निवटी खरी हाय,” ह्युबर्ट म्हणाला. मग जुडिथकडे बघून, “चिंबोरीपन.”

“लॅटिन नावं मला जगात कुठेही मिळाली असती. शेवटचा रकाना तेवढा फक्त इथे मिळतो. तोच तुम्ही असा भरलात. नाही माहीत, असं म्हटलं असतंत तरी चाललं असतं मला. मी तसं लिहिलं असतं.”

इंजिनरूममध्ये एवढ्या वर्षांत त्याने एकदाही चुकीचा स्क्रू बसवला नव्हता. ‘चालेल, बसेल’ म्हणणाऱ्या पोरांना त्याने कानफटवलं होतं. तो उठला, चप्पल न घालताच गल्ली ओलांडली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा समोरच्या उंबऱ्यापाशी उभा राहिला. कतरीनबाय लसूण सोलत होती.

“मला नावं येत न्हायत,” तो दाराच्या चौकटीला म्हणाला. “तू चल.”

कतरीनबायने दोन पाकळ्या सोलल्या. मग आत तोंड करून कुणीच नव्हतं तिकडे म्हणाली, “सांगा त्याला, माझी खुर्ची उचलायला पायजे. माझ्यानं आता दगडावर बसवत न्हाय.”

पुढचा महिनाभर ओहोटीला उत्तनच्या लोकांना फुकट तमाशा मिळाला. पुढे काठी टेकत कतरीनबाय, मध्ये संघप्रिया आणि मागे डोक्यावर लाल प्लास्टिकची खुर्ची घेतलेला ह्युबर्ट. कतरीनबाय त्याच्याशी थेट बोलायची नाही. “पोरी, त्याला सांग, खुर्ची हलते.” ह्युबर्ट दगड लावायचा. “त्याला सांग, सावली कर.” ह्युबर्ट छत्री धरायचा. “त्याला सांग, असा उभा राहिला की मला दर्या दिसत न्हाय. त्याला तर काय, सवय हाय.”

ह्युबर्ट दात खायचा, पण कानही देऊन ऐकायचा. कुठला किडा कुठल्या वाऱ्याला वर येतो, कुठली गोगलगाय शिजवली तर कडू लागते, हे सगळं म्हातारी काठीच्या टोकाने दाखवत होती. तेवीसपैकी एकवीस नावं बदलली. उमेदवार राहिला. आणि शेवटी एक प्राणी उरला, ज्याला ह्युबर्टने घाईत ‘बटाटा’ म्हटलं होतं: राखाडी, खरखरीत, अंगठ्याएवढा, शंख नसलेला एक गोळा. ओहोटीला कपारीतून निघतो, खडकावर रेंगाळतो, आणि पाणी चढायच्या आत आपल्याच कपारीत परत जाऊन बसतो.

“ह्याला?” संघप्रियाने विचारलं.

कतरीनबायने एकदा प्राण्याकडे, एकदा खुर्चीवाल्याकडे पाहिलं. “ह्याला ह्युबर म्हनतात.”

“खोटं!” ह्युबर्ट ओरडला. “साफ खोटं बोलतेस तू, बाय!”

सहा वर्षांतलं हे त्याचं तिच्याशी थेट पहिलं वाक्य. कतरीनबायही मान वळवून सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, “मग तू सांग खरं नाव.”

ह्युबर्टचं तोंड उघडलं. बटाटा म्हणावं तर पंचाईत, दुसरं काही सुचेना.

“माहीत न्हाय,” तो म्हणाला.

संघप्रिया आता कुणाच्याही एकाच्या शब्दावर लिहीत नव्हती. तिने नियमच केला होता, प्रत्येक नावाला आणखी तीन साक्षी. दुसऱ्या दिवशी ती बोंबील सुकवायच्या मैदानात गेली आणि तीन म्हाताऱ्यांना फोटो दाखवला. तिघींनी फोटोकडे नीट पाहिलं आणि तिघीही न हसता म्हणाल्या, “ह्युबर.” एकीने तर त्याचं कालवणही सांगितलं. आदल्या संध्याकाळी कतरीनबाय पातेलंभर चहा घेऊन त्या मैदानाकडे जाताना ह्युबर्टने ओट्यावरून पाहिली होती. पातेल्याचा दुसरा कान कुणी धरला होता, तर जुडिथने.

नोंदवहीच्या कच्च्या मसुद्यात नाव छापलं गेलं. हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती. ह्युबर्टने अर्ज लिहिला, विनम्रपणे वगैरे लिहून सहीसुद्धा केली. पण चौदाव्या दिवशी ओहोटी चांगली होती. तो एकटाच खडकावर गेला आणि त्या कपारीपुढे उकिडवा बसला. प्राणी बाहेर फिरत होता. बिनघाईचा. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पाण्याची पहिली चाहूल लागली तशी त्याने वळण घेतलं आणि एवढ्या मोठ्या खडकावर बरोबर आपली भेग शोधून आत शिरला. दुसऱ्या दिवशीही ह्युबर्टने त्याला पाहिलं. अर्ज कुठे ठेवला ते मग त्याला आठवेना.

पुस्तक हातात आलं तेव्हा त्याने संघप्रियाला फोन लावला. ती घाबरूनच म्हणाली, “बोला अंकल.”

“पान एक्केचाळीस उघड. फोटो बघ. काय हे! एकदम सुस्त दिसतोय. सकाळच्या उन्हात मस्त चमकतो तो, मी बघितलाय. पुढच्या छपाईला चांगला फोटो टाक. मी सांगतो, केव्हा येतो तो.”

समोरच्या दारातून कतरीनबाय ओरडली, “पोरीला सांग, तू माझी खुर्चीपन घेऊन येशील म्हनून!”