हबीबभाईच्या कोंबड्या

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी जन्मभर एकच प्रश्न विचारत आलो. "तुमच्या भुताले बॅटरी चार्ज करता येते का? येत असन तर द्या पाठवून, मले एका माणसाची गरज हाये." समोरचा चिडायचा, बाकीचे हसायचे, विषय संपायचा. सांगायचं इतकंच की मी या भानगडीतला माणूस नाही. आवाज कुठून येतो, तार कुठे तुटते, पिन कधी बोथट होते — यावर माझं पोट होतं. म्हणूनच खाली जे लिहितो आहे ते लिहायला इतकी वर्षं लागली. लिहायचं जिवावर येत होतं.

मी वणीचा भोंगेवाला. लग्न, बारसं, जत्रा — कुठेही लाउडस्पीकर लावायचं काम. मूळचा राळेगावकडचा. ज्या वर्षी आपण मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलो त्याच वर्षी, म्हणजे १९५६ ला, मी वणीत आलो. बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्या घरात राहवेना. वणीत कापसाच्या जिनिंगच्या मागे एक खोली घेतली, एक अॅम्प्लिफायर, दोन भोंगे, चावीचा ग्रामोफोन अन् रेकॉर्डींची पेटी. लग्नं दुसऱ्यांची, गाणी कंपनीची, अन् मी मांडवाच्या बाहेर खुर्चीवर. जेवणाची पंगत उठली की कोणीतरी म्हणायचं, "अरे, तो भोंगेवाला राह्यला ना!" मग पत्रावळ बाहेर यायची. राग नाही यायचा. पण एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

गावात माझ्यावर खार खाऊन असलेला एकच माणूस होता — उस्मान मास्तर. एकेकाळी वणीच्या बॅण्डचे मास्तर. दूरदूरच्या वराती या बॅण्डनं गाजवलेल्या. माझ्यासारखे भोंगेवाले आले अन् लोकांनी बॅण्ड सांगायचा सोडला. वाजवणारे पांगले, काही गेले. मास्तर निर्गुडा नदीच्या काठी एका खोलीत एकटेच राहायचे. मुलगा चांद्याला नोकरीला. मी सायकलवर भोंगा बांधून निघालो की ओट्यावरून आवाज यायचा —

"चालला डब्बा घेऊन! अबे, त्यात फुकाले छाती लागते का?"

मी म्हणायचो, "नाही मास्तर, चावी लागते."

असं आमचं चालायचं. एक दिवस मात्र ते स्वतःच माझ्या खोलीवर आले. दारातच उभे. इकडचं तिकडचं बोलले अन् मग म्हणाले, "तू गावोगाव फिरून राह्यला. लोकायच्या घरी जुन्या रेकॉर्डी पाह्यते. आमच्या बॅण्डची एक रेकॉर्ड भरलती, लढाईच्या आधी, नागपूरला. कंपनीनं बाजारात काही आनली नाही. नमुन्याची एकच निघालती, ते कोठी गेली पता नाही. पांढऱ्या कागदाची हाये, वर पेन्सिलनं लिहेल. दिसली तर आनजो बाप्पा. एकदा आयकाची हाये. मंग मी मोकळा."

या माणसानं माझ्याजवळ काही मागायला किती जीव एकवटला असेल, ते मला दिसत होतं. मी "हाव" म्हणालो. पण त्या रेकॉर्डीची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती अन् कोणाचाच तिच्यावर विश्वास नव्हता. मास्तरांची फेकाफेक आहे असंच लोक म्हणत. मीही तसंच समजत होतो.

१९६१ चा उन्हाळा. राळेगाव तालुक्यात एका लग्नाला गेलतो. मुलीच्या बापाचे वडील एकेकाळी ग्रामोफोन अन् रेकॉर्डींचे एजंट होते, ते वारून बरीच वर्षं झालेली. बाहेर माझ्या पत्रावळीवर वाढायला लोणच्याची बरणी आणली — अन् बरणीवर झाकण म्हणून रेकॉर्ड! मी घास तसाच ठेवून उठलो. तेलानं माखलेली, मधला कागद पिवळा पडलेला, पण इंग्रजीत पेन्सिलनं लिहिलेलं वाचता येत होतं. वणी बॅण्ड.

"हे... हे मले द्याल का?"

"न्या की भाऊ. मी ताटली ठेवतो त्याच्यावर," मुलीचा बाप म्हणाला. त्यांना वाटलं असेल, भोंगेवाल्याला उन्ह लागलं.

एस.टी.त रेकॉर्ड धोतरात गुंडाळून मांडीवर धरून आणली. वणीच्या अन् राळेगावच्या रस्त्याचे खड्डे ज्यांनी खाल्ले आहेत त्यांना कळेल, मी काय जपलं ते. दुसऱ्या दिवशी रविवार. जिनिंग बंद, गल्लीत चिटपाखरू नाही, दुपारचे दोन वाजले असतील. ओल्या फडक्यानं तेल पुसलं, नवी पिन लावली, चावी दिली.

आधी खरखर. एका ठिकाणी चरा होता, त्याची टिक टिक. मग ढोल, झांज... अन् क्लारनेट. काय सांगू तुम्हाला! मी पोटासाठी हजारो रेकॉर्डी लावल्या, पण असा क्लारनेट नाही ऐकला. तो सवाल करायचा, ट्रम्पेट जबाब द्यायचा. पुन्हा सवाल, पुन्हा जबाब. तिसऱ्या सवालात त्यानं मधेच असं काही टुकटुक, टिटिटि काढलं की मी त्या रिकाम्या खोलीत एकटाच मोठ्यानं हसलो. बायको गेल्यापासून मी असा हसलो असेन असं मला आठवत नाही. तीनदा लावली रेकॉर्ड. तिन्ही वेळा क्लारनेट, तिन्ही वेळा त्याच जागी तेच टिटिटि. हे मी शपथेवर सांगतो.

सोमवारी सकाळी ग्रामोफोन सायकलला बांधून मास्तरांकडे गेलो. मास्तरांनी रेकॉर्ड एकदा दोन्ही हातांत धरून पाहिली. हात पुसले, टोपी घातली, खाटेवर ताठ बसले. वरात निघायच्या आधी बसत असतील तसे.

मी पिन ठेवली. खरखर, टिक टिक, ढोल, झांज... अन् क्लारनेटच नाही. चार मात्रा नुसता ढोल, मग एकदम ट्रम्पेटचा जबाब. पुन्हा नुसता ढोल, पुन्हा जबाब. सवाल कुठेच नाही! मी पिन उचलली. पिन बदलली. पिन धरणारा साउंड बॉक्स खोलून साफ केला, परत बसवला. रेकॉर्ड उलटी करून पाहिली — मागची बाजू कोरी. पुन्हा लावली. तेच.

मी म्हणणार होतो, "मास्तर, मशीन बिघडली." पण वर पाहिलं तर मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं.

"हेच हाये," ते म्हणाले. "बराबर हेच. जागा आयकू आली ना तुले? थे माह्या भावाची जागा हाये."

मग त्यांनी सांगितलं. धाकटा भाऊ हबीब क्लारनेट वाजवायचा. छातीचा नाजूक. डॉक्टरनं दोन महिने फुंकायचं नाही म्हणून बजावलेलं. त्यातच एका मोठ्या घरची वरात आली. हबीब म्हणाला, "भाईजान, मी नाही येत." मास्तर म्हणाले, "बॅण्डाची अब्रू जाईन. ऊठ." भर वैशाखात त्याला रस्त्यानं चालवला. परत आला तो रक्ताची उलटी घेऊनच. पाच दिवस खाटेवर होता. मास्तर पाणी घेऊन गेले की भिंतीकडे तोंड करायचा. एक शब्द बोलला नाही. तसाच गेला.

"नागपूरची तारीख आधीच ठरलती. हबीबच्या बाराव्या दिवशी आमी तेथं. आमच्या बॅण्डची रीत अशी का वाजवनारा गेला तर चाळीस दिवस रांगेत त्याची जागा सोडाची. कोनं भराची नाही, ना मानसानं ना सुरानं. क्लारनेट सगळ्यायच्या समोर उभा राह्यते. मंग मायकासमोरची जागाच रिकामी! साहेब बोंबलला, 'पुढं या, पुढं या.' कोनी हाललं नाही. म्हने, तू तुह्या ट्रम्पेटवर तरी वाजव त्याचं. मी म्हनलं, नाही. ज्याची जागा त्याची." मास्तरांनी डोळे पुसले. "असं कोठं गानं असते का? कंपनीनं फेकून देलं. पन मले सांग, हबीबचा ना फोटो, ना कपडा. त्याची म्हनून दुनियेत येवढीच जागा राह्यली. ते एकदा आयकाची होती."

आता मी काय करावं? गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं, असं तेव्हा क्षणभर वाटलं. पण पोटात राहिना.

"मास्तर... काल मी लावली तं क्लारनेट होता."

ते एकदम उठले. "काहून रे? मेलेल्या मानसाची मजाक करून राह्यला? निघ. तुहा डब्बा उचल अन् निघ!"

"मास्तर, अल्लाची घ्या, माह्या देवाची घ्या, कोनाचीबी शपथ घालून घ्या. तीनदा आयकला."

"काय वाजवलं त्यानं? सांग! सांग ना मंग!"

मला गाता येत नाही. आवाज म्हणजे फाटका पत्रा. पण शीळ येते. मी पिन पुन्हा सुरुवातीला ठेवली. ढोल सुरू झाला अन् पहिल्या मोकळ्या जागेत मी कालचा सवाल शिळेवर घातला. ट्रम्पेटचा जबाब आला — नेमका त्या सवालाचाच. दुसरा सवाल. त्याचाही जबाब. मास्तर उभेच होते, एक हात भिंतीला. तिसऱ्या सवालात ते टिटिटि आलं, तेही मी जसंच्या तसं काढलं...

मास्तर मटकन खाली बसले. अन् हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. मी घाबरलो, पाणी आणलं, पाठ चोळली.

"नालायक!" ते म्हणत होते. "मना केलतं मी त्याले... मना केलतं!"

ते टिटिटि म्हणजे त्यांच्या अम्मीचं कोंबड्यांना बोलावणं. संध्याकाळी ती अंगणात उभी राहून हाका मारायची — आऽ टिटिटि! घरी सराव करताना मास्तरांना चिडवायला हबीब ते मुद्दाम तिसऱ्या सवालात घुसवायचा. मास्तर खवळायचे. नागपूरचं ठरलं तेव्हा त्याला दम दिला होता — कंपनीच्या साहेबापुढं कोंबड्या आणल्या तर याद राख. घराबाहेर ते कधी वाजलंच नव्हतं. हबीब गेला तेव्हा मी पाच-सहा वर्षांचं पोर, तेही राळेगावकडे. मला ते कुठून कळणार?

मास्तर हळूच म्हणाले, "म्हंजे आलता थो. अन् चिडवून गेला मले. नाराज मानूस चिडवते का रे?"

"नाही मास्तर. नाराज मानूस बोलत नाही."

"तेच ना. थो बोलला."

त्यानंतर मी रोज जायला लागलो. लग्नसराई सरली होती, मलाही काम नव्हतं. चहा व्हायचा, रेकॉर्ड लागायची, मी शीळ घालायचो, मास्तर कोंबड्यांवर हसायचे. पाच वर्षांत वणीत मला कोणी "जेवला का" म्हणून विचारलं नव्हतं, ते विचारायचे. मी खोलीवर एकटा असताना रेकॉर्ड कितीदा लावून पाहिली ते विचारू नका. रविवारी दोन वाजता लावली, दार लावून लावली, पहिलीच पिन शोधून लावली. नुसती मोकळी जागा. बायकोचा एक शब्द ऐकायला मी किती रात्री कान देऊन पडलो होतो, तेव्हा काही नाही. अन् न पाहिलेल्या माणसाचा क्लारनेट तीनदा ऐकू यावा, अन् तोही परत येऊ नये! रडू यायचं मला. पण आता ऐकू येत नाही, हे मी मास्तरांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. त्यांना वाटायचं, मला रोजच ऐकू येतो, अन् मी त्यांच्यासाठी शिळेत उतरवून आणतो.

दिवाळीनंतर त्यांची तब्येत ढासळली. मुलगा न्यायला आला. चांद्याच्या मोटारीत खिडकीशी बसवलं. मी रेकॉर्ड बांधून नेली होती, ती त्यांनी परत माझ्या हातात दिली.

"मी नेऊन काय करू? मले कोठं आयकू येते? तुह्यापाशीच ठेव." मग खिडकीतून माझं मनगट धरलं. "काल लावलती का रे?"

"हाव मास्तर."

"कोंबड्या होत्या?"

मोटार सुरू झाली होती. मी म्हणालो, "होत्या."

ते हसले, अन् मोटार गेली. पंधरा दिवसांनी चांद्याहून खबर आली.

तर हे असं आहे. शेवटच्या दिवशी मी खोटं बोललो, ते कबूल. पण त्या पहिल्या रविवारचं खरं होतं. ते कसं झालं, ते मला अजून सांगता येत नाही. मशीनच्या बाजूनं विचार केला, माझ्या डोक्याच्या बाजूनंही केला. कुठेच हिशोब लागत नाही. रेकॉर्ड माझ्याजवळ आहे, मी ती लावतो. ट्रम्पेट जबाब देतो, पुन्हा ढोल वाजतो, अन् मी शीळ घालत नाही... गप्प बसून वाट पाहतो.