मशीनखालचं पाणी

उचगावात शेवंताबाईंना अजून सगळे नर्सबाईच म्हणतात. हातकणंगले तालुक्यातल्या गावागावांत आरोग्यसेविका म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. लसीच्या डब्यातला बर्फ टिकलाय का, बाटलीचं झाकण कुणी आधी उघडलं तर नाही ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्या पुढं जायच्या नाहीत. नोकरी संपली, पण ती नजर राहिली. दूधवाल्याचं माप, गॅसच्या टाकीचं सील, पाहुण्यांनी आणलेली मिठाई, सगळं तपासूनच घरात यायचं.

त्यांची लेक मनाली पुण्यात नोकरीला. चौदा एप्रिलच्या जयंतीला घरी आली तेव्हा आईची सुजलेली मनगटं बघून तिनं डिशवॉशर घेऊन दिला. तोवर भांडी तानाबाई घासायची. गावठाणात राहणारी तानाबाई बरीच वर्षं बाईंकडं धुणं, भांडी, केरफरशी करत होती. तिच्या सुट्टीच्या दिवशी आणि रात्रीची भांडी मात्र बाईंच्याच वाट्याला यायची. भांडी मशीनकडं गेली तरी तुझं बाकीचं काम तसंच राहील, असं बाईंनी तिला सांगितलं. तानाबाई नुसतं ‘बरं’ म्हणाली. ते ‘बरं’ बाईंना आवडलं नाही.

बाईंचा मशीनवरही विश्वास नव्हताच. रश्श्याचा कट धरलेलं पातेलं नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं निघतं, हे त्यांना पटेना. म्हणून त्या भांड्यांवरून आधी साबणाची घासणी फिरवायच्या आणि मग ती आत लावायच्या.

पहिल्याच आठवड्यात मशीनखाली पाणी दिसलं. नंतर रोजच दिसायला लागलं.

पहिला संशय मशीन बसवून गेलेल्या मेकॅनिकवर. त्याचा फोन सारखा वाजत होता, त्या घाईत त्यानं काहीतरी सैल ठेवलं असणार. त्याला परत बोलावलं. त्यानं मशीन ओढून मागच्या नळ्या बघितल्या, त्या कोरड्या होत्या. मशीन तिरकं बसलंय का ते बघितलं, दाराचं रबर पुसलं, आणि मशीनमध्ये दोष नाही म्हणून सांगून गेला. तो गेल्यावर बाईंनी ते रबर बोटांनी चाचपलं. नवं काढून जुनं तर बसवलं नसेल?

मग त्यांनी स्वतःच शोध सुरू केला. मशीनखाली जुने पेपर पसरले, म्हणजे आधी कुठला भाग भिजतो ते कळेल. भिजला तो दाराच्या बाजूचा. तानाबाई फरशी पुसताना नेमकी तिथंच बसायची, आणि उठताना दाराला हात टेकवून उठायची. ते बाईंनी हेरलं.

मनालीनं फोनवर सांगितलं, एकदा रिकामं चालवून बघ. रविवारी तानाबाईची सुट्टी होती. बाईंनी भांडी न लावता मशीन चालवलं आणि समोर पाटावर बसून राहिल्या. पेपर कोरडेच्या कोरडे.

बाईंच्या मनात आता शंका उरली नाही. तानाबाई नाही, तर पाणी नाही. भांड्यांचं काम गेल्याचा राग तिनं असा काढला होता.

सोमवारी तानाबाई बादली घेऊन स्वयंपाकघरात आली, तशा बाई दारातच उभ्या राहिल्या.

“मशीनकडं जायचं न्हाय. तिथलं मी पुसून घेते. कशाला हात लावायचा न्हाय.”

तानाबाईनं हातातलं फडकं पिळलं. “माझा हात लागला म्हणून पाणी गळतंय व्हय, बाई?”

“मी तसं म्हटलं न्हाय.”

“म्हटलंय की.” तिनं फडकं बादलीच्या काठावर टाकलं आणि ती निघून गेली.

दुपारी बाईंना जेवण गेलं नाही. नोकरीतलं एक गाव डोळ्यांपुढून हलेना. तिथल्या एका घरात त्या बाळाला लस टोचायला जायच्या. त्यांच्यासाठीचा वेगळा कप ओसरीबाहेरच्या कोनाड्यात पालथा असायचा. चहा प्यायचा, आपणच कप विसळायचा आणि परत तिथंच ठेवायचा. हात लावू नका असं त्या घरात तोंडानं कुणी कधी म्हटलं नव्हतं. पुढं बाईंनी चहा सोडलाय म्हणून सांगायला सुरुवात केली. हे वेगळं आहे, ही मशीनची गोष्ट आहे, असं त्यांनी स्वतःला पुनःपुन्हा सांगून बघितलं.

दुसऱ्या दिवशी तानाबाई आली नाही. बाईंनी नेहमीसारखी भांडी लावली, मशीन सुरू केलं. थोड्या वेळानं पेपर भिजला.

संशय घ्यायला आता घरात दुसरं कुणीच नव्हतं. बाईंनी मशीन मध्येच थांबवून दार उघडलं. गरम वाफ अंगावर आली आणि पाठोपाठ पांढरा फेस दारावरून ओघळत फरशीवर उतरला. त्यांनी मनालीला फोन लावला आणि कॅमेरा फेसासमोर धरला. कुठला साबण घातला, असं मनालीनं विचारलं. मशीनबरोबर आलेलीच पावडर, बाईंनी सांगितलं. आणि भांडी आत लावण्याआधी त्यांचं काय करतेस, तिनं पुढं विचारलं.

बाईंनी वळून बघितलं. ओट्यावर साबणाची घासणी ओलीच पडली होती. रविवारी मशीन रिकामं होतं, म्हणून फेस झाला नव्हता.

फेस जाईपर्यंत त्यांनी मशीन नुसत्या पाण्यावर फिरवलं. मग भांड्यांतलं खरकटं तेवढं काढून, साबण न लावता ती आत ठेवली. संपेपर्यंत टॉर्च मारून खाली बघत राहिल्या. पेपर कोरडा राहिला. रश्श्याचं पातेलंसुद्धा लख्ख निघालं.

संध्याकाळी त्या गावठाणात गेल्या. तानाबाई कट्ट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिनं पोतं सरकवून जागा दिली. बाईंनी साबणाची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाल्या, “चूक माझी होती. उगंच तुझ्यावर संशय घेतला.”

तानाबाई शेंगा फोडतच राहिली. मान वर न करता म्हणाली, “येतो उद्या. पर त्या मशीनसमोरची फरशी मी पुसणार न्हाय.”

“का? आता गळत न्हाय ते.”

“आज गळत न्हाय. उद्या आनी कायतर झालं, तर पयलं नाव माझंच.”



तानाबाई कामावर आली. आजही येते, मनालीची चौकशी करते, गावातलं सांगते. सगळं घर पुसत ती स्वयंपाकघरात येते आणि मशीनपाशी पोचली की बादली उचलून पलीकडून जाते. सुरुवातीला बाई म्हणायच्या, पूस गं तेवढं. ती ‘बरं’ म्हणायची आणि पुसायची नाही. आता बाई म्हणत नाहीत. तानाबाई गेली की फडकं घेऊन त्या तिथं खाली बसतात.