तथास्तुला घाबरणारे अण्णा

आमच्या घरातली कुठलीही वस्तू अण्णांच्या देखत कधी संपली नाही. तांदूळ, चहा, कढीपत्ता, सगळं ‘वाढायचं’. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. कुणी शिंकलं तर ‘सर्दी झाली वाटतं’ म्हणायची सोय नव्हती. फार तर ‘हवा बदलली वाटतं’ एवढंच. वास्तुपुरुष दिवसभर तथास्तु, तथास्तु म्हणत घरातून हिंडत असतो आणि आपण काही वाकडं बोललो की तो नेमका तिथेच उभा असतो, अशी माझ्या सासऱ्यांची खात्री होती. अशी माणसं तुमच्याही घरात असतील. आमचे अण्णा जरा जास्तच होते.

एकदा मी त्यांना छेडलं, “अण्णा, हे फेल्डहोवन आहे. इथला वास्तुपुरुष डच. त्याला मराठी कुठलं कळायला?”

“तथास्तु म्हणायला कसली भाषा लागते?” असं म्हणून ते पुन्हा घेवडा निवडायला लागले.

अण्णांनी सातारा आगारात उभा जन्म कंडक्टरकी केली. आमच्याकडे ते आले तीन महिन्यांसाठी, फेब्रुवारीत. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, साताऱ्यालाच राहिल्या, कारण दोघांनी एकदम घर सोडलं तर देवापुढे दिवा कोण लावणार? यंदा अण्णांनी यायचं, पुढच्या वर्षी आईंनी, असं ठरलं होतं. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि अण्णा इथेच अडकले. पुढे विमानं सुरू झाली तरी आज ही लाट, उद्या तो नियम असं करता करता वर्ष उलटून गेलं. रोज सकाळी ते आईंशी फोनवर बोलत. “सगळं बरंय ना?” “बरंय.” “इथंही बरंय.” याच्या पुढे ते संभाषण सरकलेलं मी ऐकलं नाही.

मी तेव्हा चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी बोलायचा सराव द्यायचे. पुण्यात कॉलेजात शिकवत होते, इथे नवऱ्याच्या, निनादच्या मागून आले, आणि चिनी मुलं आइंडहोवनला शिकायला येतात, त्यांना वाचता-लिहिता येतं पण बोलायला जीभ उचलत नाही, हे लक्षात आल्यावर वर्ग सुरू केला. व्याकरण नाही, परीक्षा नाही. रोजचे विषय: बाजार, डॉक्टर, सण, लग्नं, शेजारी. लॉकडाऊनमध्ये वर्ग आमच्या जेवणाच्या टेबलावर आला. एका टोकाला लॅपटॉप आणि मी, दुसऱ्या टोकाला भाजी आणि अण्णा.

अण्णांना इंग्रजी समजत असे, बोलायची मात्र भीती. सुपरमार्केटात कुणी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं तर ते नमस्कार करून माझ्यामागे सरकत. पण त्या मुलांची गत त्यांना बघवेना. मी प्रश्न विचारायचा आणि पडद्यावरच्या सगळ्या खिडक्यांनी माना खाली घालायच्या. चूक झाली तर चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणून उत्तर अगदी पक्कं होईपर्यंत ती मुलं बोलतच नसत. शेवटी एक दिवस अण्णांनी चष्म्याच्या डबीने टेबलावर टक टक केलं, जसं गाडीत तिकिटाच्या पेटीवर करायचे तसं, आणि आयुष्यात पहिल्यांदा परक्यांशी इंग्रजीत बोलले, “नो सेंटेन्स, नो ट्रॅव्हल.” एक वाक्य बोलल्याशिवाय प्रवास नाही. मुलं हसली. मग एकेकाने वाक्याचं तिकीट काढलं.

तेव्हापासून अण्णा वर्गाचे कंडक्टर झाले. कुणी अडखळला की म्हणायचे, “डोंट वरी, घाटात गाडी स्लोच जाते.” त्यातलं ‘घाटात’ मुलांना कसं कळायचं देव जाणे, पण कळायचं. त्यांचं इंग्रजी ऐकून मुलांना धीर यायचा, आणि मुलांचं ऐकून त्यांना.

त्यांची लाडकी होती शाओमिन. अण्णा तिला सुमन म्हणत. ती सगळ्यांत गप्प. तिकीट म्हणून रोज एकच वाक्य द्यायची: “माझी आजी छान डंपलिंग करते.” हिवाळाभर आम्ही त्या आजीचे ते करंजीसारखे डंपलिंग ऐकले. एकदा विषय होता नववर्षाचा. शाओमिनने सांगितलं की त्यांच्याकडे नव्या वर्षात अशुभ शब्द काढत नाहीत, आणि हातून बशी फुटली तर लगेच ‘वर्षानुवर्षं शांती लाभो’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. “मुक्ता, सांग हिला, आमच्यातही बांगडी फुटत न्हाई, वाढती म्हणावं. ही आपलीच माणसं हायेत गं!” त्या दिवशी उरलेला सगळा वर्ग, काय काय बोलू नये याच्यावर झाला. इतकं मोकळं इंग्रजी त्या मुलांच्या तोंडून मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात अण्णांच्या पुतण्याचा साताऱ्याहून फोन आला. आईंना दवाखान्यात हलवलं होतं, ऑक्सिजन लावला होता. अण्णांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि म्हणाले, “तिची हवा बदललीय. मी येतो जाऊन.”

निनादला त्यांच्यासोबत जाता येण्यासारखं नव्हतं. भारतातून इकडे येणारी विमानं त्या दिवसांत बंद होती, एकदा गेला की परत कधी येईल याचा भरवसा नव्हता. म्हणजे अण्णांनी एकट्याने जायचं, मध्ये परक्या विमानतळावर विमान बदलायचं, आणि जो तो मास्कमधून विचारेल त्याला इंग्रजीत उत्तर द्यायचं. निनाद रात्रभर येरझारा घालत होता. अण्णा मात्र सकाळी लॅपटॉपसमोर बसले. “मुलांनो,” ते इंग्रजीत म्हणाले, “आजचा विषय, विमानतळ. मला शिकवा.”

मुलांनी त्यांच्यावर खरंच मेहनत घेतली. एक सामान तपासणारा झाला, एक विमान बदलायचं दार सांगणारा. शाओमिन काउंटरवरची कडक बाई झाली, आणि ती गप्प मुलगी त्या सोंगात अशी काही फुलली की बघत राहावं. “सर, मी विचारलं तेवढंच सांगा,” ती अण्णांना दटावायची. अण्णा खूश व्हायचे.

फक्त एका प्रश्नाशी गाडी रोज अडायची. प्रवासाचं कारण काय? अण्णा म्हणायचे, “गोइंग होम. माय वाइफ इज फाइन.” आणि मुलं पुढचा प्रश्न विचारायची. कारण सगळ्यांना माहीत होतं, पण ते म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून काढून घेणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. आमच्याही बसत नव्हतं. मी शिक्षिका, पण मीसुद्धा ते वाक्य करून घेतलं नाही. घरात तो शब्द मलाही नको होता.

विमानतळावर प्रवाशांशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. आम्ही दाराशी अण्णांच्या पाया पडलो. शाओमिन आगगाडीने मुद्दाम आली होती. पडद्याबाहेर ती आम्हाला पहिल्यांदाच दिसली. अण्णा तिच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाले, मग नियम आठवून हवेतच हात फिरवला. ते आत गेले, आणि थोड्या वेळाने त्यांचा फोन आला, तो मी स्पीकरवर टाकला.

विमान काही तास उशिरा सुटणार होतं आणि त्यामुळे त्यांच्या कोरोना-तपासणीच्या कागदाची मुदत थोडक्यात हुकत होती. काउंटरवरची बाई म्हणत होती, फारच निकड असेल तर मी वरिष्ठांना विचारते, तुम्ही कशासाठी चाललात? आणि अण्णा तिला सांगत होते, माय वाइफ इज फाइन.

“अण्णा, सांगा ना तिला, आई सीरियस आहे म्हणून!” निनाद ओरडला.

पलीकडे अण्णांनी तिला तेच वाक्य पुन्हा सांगितलं.

“फोन तिला द्या, मी बोलतो.”

पण कुणी दुसऱ्याच्या फोनला हात लावायचे ते दिवस नव्हते, आणि काचेतून तिला आमचा आवाज ऐकू जाईना. “निनाद,” अण्णा हळूच म्हणाले, “मी कसं बोलू रं ते? माझ्या तोंडानं?”

त्या माणसाला विमान चुकण्याची भीती नव्हती. आपण बोललो आणि कुणीतरी तथास्तु म्हणालं, तर बायको हातची जाईल, ही भीती होती. आणि हे वेड मीच इतकी वर्षं हसत हसत पोसलं होतं.

शाओमिनने नियम बाजूला ठेवून माझ्या हातातून फोन घेतला. ती सावकाश, एकेक शब्द लावत बोलली. “अण्णा, मी सुमन. माझी आजी हिवाळ्यात वारली. मला जाता आलं नाही. मी कुणाला सांगितलं नाही, मी रोज म्हणत राहिले ती डंपलिंग करते. मी बोलले नाही, तरी ती गेलीच. बोलल्याने होत नाही, अण्णा. न बोलल्याने थांबत नाही. तुमची अजून आहे. सांगा आणि जा.”

 फोन चालूच होता. आधी नुसता विमानतळाचा गोंगाट, आणि मग अण्णांचा आवाज, खणखणीत, गाडीत मागच्या बाकापर्यंत पोचायचा तसा. “मॅडम. माय वाइफ इज व्हेरी सिक. शी इज इन हॉस्पिटल. आय वाँट टू सी हर.” थोडं थांबून, “प्लीज.”

 मग “थँक्यू मॅडम”. निनाद तिथेच पदपथावर खाली बसला आणि मोठ्याने रडला. शाओमिनने त्याला कागदी रुमाल दिला आणि आपणही एक घेतला.

अण्णा पोचले. पुढे दोन वर्षांनी ते झोपेतच गेले, कुणाला एक अक्षर न बोलता. शाओमिन आता नोकरीला आहे आणि मीटिंगमध्ये फार बोलते अशी ऑफिसातल्यांची तक्रार तिने स्वतःच मला कौतुकाने सांगितली. माझ्या वर्गात विषयांची यादी जवळपास तीच आहे, बाजार, सण, शेजारी. एक विषय मी घातला आहे, वाईट बातमी कशी सांगावी. नवी मुलं तिथे माना खाली घालतात. मी घाई करत नाही, पण प्रश्न सोडूनही देत नाही.

अण्णांच्या दिवसांना साताऱ्याला गेले तेव्हा आई माजघरात बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, त्या वेळी अण्णा विमानातून उतरून थेट दवाखान्यात आले, ते तुम्हाला आठवतं का?

“न आठवायला काय झालं?” आई म्हणाल्या. “आत सोडीनात. तळमजल्याची खिडकी होती, तिथं काचेला नाक लावून उभे राहिले. चेहरा असा, जणू चोरी करून आलेत. म्हणले, मी तिकडं एका बाईला सांगून आलोय, तू लई आजारी हायेस म्हणून. माझ्या तोंडानं सांगितलंय. आता तू मला खोटं पाड.”

आईंनी पदराने नाक पुसलं.

“मग काय करती,” त्या म्हणाल्या, “पाडलं.”